जर्मनीत नऊ महिने झाले, तरी रुळल्यासारखे का वाटत नाही?

तुम्ही लिहिले आहे की पतीच्या नोकरीमुळे नऊ महिन्यांपूर्वी तुम्ही दोघे श्टुटगार्टजवळच्या एका गावी राहायला आलात. घर, विमा, बँकेचे खाते असे सगळे मार्गी लागले. ‘सहा महिन्यांत सवय होते’ असे प्रत्येकाने सांगितले होते, पण प्रत्यक्षात सहाव्या महिन्यानंतरच तुमचा उत्साह ओसरू लागला. त्यातच एका सोमवारी दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसली. ती जाहिरात असावी असे समजून तुम्ही बाजूला ठेवली. पुढच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या बाईंनी दारावर चिठ्ठी चिकटवली आणि तेव्हापासून तुम्ही जिन्यात कोणी नाही ना, याचा कानोसा घेऊनच घराबाहेर पडता. ‘आम्ही इथे नकोसे आहोत का?’ असे तुम्ही विचारले आहे. मी सतरा वर्षे जर्मनीत राहते आणि त्यांतली अकरा वर्षे नव्याने आलेल्या परदेशी कुटुंबांना सल्ला देण्याचे काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी त्या सहा महिन्यांच्या आकड्याविषयी. परदेशी गेलेल्या माणसाची मनःस्थिती आधी चढी असते, मग घसरते आणि पुन्हा सावरते, ही कल्पना नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी 1955 साली मांडली. अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून मायदेशी परतलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन व्यक्तींच्या मुलाखतींवरून त्यांना असे दिसले की सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांपेक्षा, सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना तो काळ अधिक जड गेला होता. म्हणजे ज्या अभ्यासातून हा आलेख निघाला, त्याच्या हिशेबाने तुमचा नववा महिना नेमका उताराचा आहे. पुढच्या संशोधकांनी एकाच माणसाची वेळोवेळी विचारपूस केली तेव्हा हा आलेख सर्वांना लागू पडत नाही आणि कित्येकांना तर पहिले काही आठवडेच सर्वांत कठीण जातात, असेही आढळले. शिवाय ते शिष्यवृत्तीधारक परतीची तारीख ठाऊक असलेले लोक होते, तुमच्यापुढे तशी तारीख नाही. म्हणून सहा महिने उलटूनही सवय झाली नाही याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण घर लागेपर्यंत कामाच्या रेट्यात तग धरतात आणि कामे संपल्यावर, रिकाम्या दुपारी, खचतात.

आता ती पाटी आणि ती चिठ्ठी. तुम्ही ज्या भागात राहता तो श्वाबेन प्रांत आहे आणि तिथल्या अनेक इमारतींत ‘केरवोख’ नावाची पद्धत आजही पाळली जाते. ‘केर’ हा तिकडच्या झाडण्याच्या क्रियापदातला शब्द आहे आणि ‘वोख’ म्हणजे आठवडा. मराठी माणसाला हा शब्द एकदा ऐकून कायमचा लक्षात राहतो, याचे मला पहिल्यापासून अप्रूप वाटत आले आहे. जिना झाडण्यापुसण्याची पाळी आठवड्याआठवड्याने एका घरातून दुसऱ्या घरात जाते, आणि ज्या घराच्या दारावर पाटी लटकते त्या घराची त्या आठवड्याची पाळी असते. छोटी केरवोख म्हणजे तुमच्या दारापुढची जागा आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठ्या केरवोखमध्ये प्रवेशद्वार, तळघराची वाट, घरापुढचा पदपथ आणि हिवाळ्यात त्या पदपथावरचा बर्फ, इतके सगळे येते. तुमच्या इमारतीत यांतले काय लागू आहे ते भाडेकराराला जोडलेल्या ‘हाउसऑर्डनुंग’मध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमपत्रकात, लिहिलेले असेल. करारावर सही करताना ती पाने कोणीच वाचत नाही. ती आज बाहेर काढा. बर्फाचे काम तुमच्याकडे येत असेल तर ते गांभीर्याने घ्या, कारण न काढलेल्या बर्फावरून कोणी घसरून पडले तर भरपाईची जबाबदारी ज्याची पाळी होती त्याच्यावर येऊ शकते. असल्या प्रसंगांसाठीच इथे जवळपास प्रत्येक घरी ‘हाफ्टफ्लिश्ट’ हा दायित्वाचा विमा असतो. तुमच्याकडे तो नसेल तर अवश्य घ्या.

चिठ्ठीचा मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात हे बरे केलेत, कारण तो माझ्या दृष्टीने फार बोलका आहे. तुम्हाला त्यात ‘जिना झाडला गेला नाही’ एवढेच दिसले आणि जिव्हारी लागले. मी तीच चिठ्ठी पुन्हा वाचते. सुरुवातीला तुमचे आडनाव आहे, आणि ते अचूक आहे. बेलच्या बटणाशेजारी लावलेल्या नावावरून त्यांनी ते अक्षर अक्षर पाहून लिहिले असणार. मग गेला आठवडा तुमच्या पाळीचा होता असे सांगितले आहे. त्यानंतर झाडू आणि बादली तळघरात उजव्या हाताच्या दाराआड असते, अशी माहिती आहे. शेवटी ‘स्नेहपूर्वक अभिवादन’ आणि त्यांचे स्वतःचे नाव. ज्या शेजाऱ्याला तुम्ही नकोसे असता, तो घरमालकाला किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाला लिहितो आणि तुमच्यापर्यंत थेट व्यवस्थापनाचे पत्र येते. अशी पत्रे मी वर्षाला कितीतरी वाचते. झाडू कुठे आहे हे त्यांत कधीच लिहिलेले नसते. या बाईंनी तक्रार वर न नेता ती तुमच्या दाराशी आणली, आपले नाव खाली घातले आणि काम कसे करायचे हेही सांगितले.

तेव्हा त्यांची बेल वाजवा. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास किंवा एखाद्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जा, दुपारी एक ते तीनमध्ये नको, कारण पुष्कळ इमारतींच्या नियमांत ती विश्रांतीची वेळ असते. पतींना बरोबर नेऊ नका. आधी स्वतःचे आडनाव सांगा, मग ‘दास हाबं इश निश्ट गेवुस्ट’, म्हणजे ‘मला हे माहीत नव्हते’, एवढे एकच वाक्य बोला आणि जिन्याकडे बोट करून आपला भाग कुठून कुठपर्यंत आहे ते दाखवायला सांगा. इथे लांबलचक दिलगिरीने समोरचा माणूस अवघडतो, नेमका प्रश्न विचारला तर तो मोकळा होतो. पुढच्या पाळीला जिना झाडून झाला की रविवारी संध्याकाळी ती पाटी शेजारच्या दाराला लावा. ज्या इमारतीत तुम्हाला कोणी ओळखत नाही असे तुम्ही म्हणता, तिथे त्या पाटीच्या रूपाने तुमचे नाव पाळीत आधीच घातले गेले आहे.

माझे म्हणणे या चिठ्ठीपुरतेच नाही. जर्मनीत परकेपणाची जी टोचणी लागते, तिचे मूळ बहुतेक वेळा एका गोष्टीत असते. आपल्याकडे ज्या गोष्टी बोलता बोलता, ओळखीवर, एकमेकांचे मन राखून ठरतात, त्या इथे वेळ आणि कागद यांनी ठरतात. त्यामुळे वेळ सांगणारा माणूस आपल्याला तुसडा वाटतो आणि कागद पाठवणारा आपल्यावर नाराज आहे असे वाटते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी उब टिकावी म्हणून खिडक्या बंद ठेवून खोलीतच कपडे वाळवत असे. जानेवारीत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरली आणि घरमालकाचे दोन पानी पत्र आले. पत्रात नुकसानभरपाई हा शब्द होता, तेवढाच मला समजला आणि मी रात्रभर रडले. दुसऱ्या दिवशी सल्ला केंद्रातल्या एका बाईंनी ते पत्र माझ्यासोबत ओळ ओळ वाचले, तेव्हा कळले की पहिले पूर्ण पान खिडकी कशी उघडावी याबद्दल होते. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच ते दहा मिनिटे, रेडिएटर बंद करून, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या आणि पुन्हा घट्ट लावायच्या. दिवसभर खिडकी नुसती तिरकी ठेवली तर भिंती गार पडतात आणि ओलावा तिथेच धरतो. थोडा वेळ खिडक्या सताड उघडण्याच्या या पद्धतीला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात. घरातली आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या आत ठेवायची, हे मोजणारे छोटे यंत्र मी त्याच दिवशी विकत घेतले आणि ते अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. भरपाईची वेळ आलीच नाही. पण पत्र वाचण्याआधीच त्याचा राग वाचायचा, ही सवय मोडायला मला आणखी दोन वर्षे लागली.

रविवारी यंत्राने भिंतीला भोक पाडू नये, रात्री दहानंतर आवाज नको, हे नियमही तुम्हाला जाचक वाटतात असे तुम्ही लिहिले आहे. रविवारच्या विश्रांतीला इथे थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. 1919 च्या वायमार राज्यघटनेतले कलम 1949 च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे आजच्या जर्मन राज्यघटनेत, जसेच्या तसे घेतले गेले आणि दुकाने रविवारी बंद असतात ती त्यामुळेच. हे कळले की शेजाऱ्याची खिडकीतून आलेली नजर जरा वेगळी वाटू लागते, कारण ज्या नियमावर तो बोट ठेवतो तो त्याच्या स्वतःच्या मुलांनाही लागू असतो.

पत्रपेटीबद्दल थोडे काटेकोर व्हायला हवे. पेटीवर आणि बेलवर तुम्हा दोघांचीही आडनावे हवीत. तुमचे आडनाव पतीच्या आडनावाहून वेगळे असेल आणि पेटीवर नसेल, तर तुमची पत्रे पाठवणाऱ्याकडे परत जातात आणि तुम्हाला ते कळतही नाही. सरकारी निर्णयाच्या पत्राला ‘बेशाइड’ म्हणतात. त्याच्या शेवटी हरकत कशी आणि किती दिवसांत घ्यावी हे छापलेले असते आणि ही मुदत बहुधा एक महिन्याची असते. अधिकृतपणे बजावलेले पिवळे पाकीट आले तर त्यावर पोस्टमनने हाताने घातलेली तारीख पाहा आणि पाकीट फेकू नका, कारण मुदत त्या तारखेपासून मोजतात आणि काही प्रकरणांत ती अवघी दोन आठवड्यांची असते. रेडिओ-दूरचित्रवाणी शुल्काचे पत्र फसवणुकीचे समजून फाडणारी कितीतरी माणसे मला भेटली आहेत. ते शुल्क खरे आहे, दरमहा 18.36 यूरो, आणि माणशी नसून घरटी एकदाच आहे. ओघात आणखी एक सांगून टाकते. तुम्ही भारतीय वाहन परवान्यावर गाडी चालवत असाल तर थांबा. इथे राहायला आल्यापासून सहा महिन्यांनंतर तो चालत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी देऊन जर्मन परवाना काढावा लागतो.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येते. तुमच्या पत्रात ‘हे करतात’, ‘हे बोलतात’, ‘ह्यांनी फोन केला’ असे अनेकदा आले आहे. नोकरीसाठी आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून कार्यालय, सहकारी आणि ठरलेल्या वेळा मिळतात. त्याच्यासोबत आलेल्या व्यक्तीला घर मिळते. मग वेळ वाचावा म्हणून डॉक्टरची वेळ तोच घेतो, पत्रे तोच उघडतो, विमा कंपनीशी तोच बोलतो. यात प्रेमच असते, पण वर्षभरात परिणाम असा होतो की एक जण देशात राहतो आणि दुसरा त्या एकाच्या आधाराने राहतो. जोडप्यांतील बहुतेक भांडणे मी इथूनच सुरू झालेली पाहिली आहेत. म्हणून आजपासून तुमच्या नावाची पत्रे तुम्ही उघडायची, भाषांतराचे ॲप वापरून वाचायची आणि अडेल तिथेच पतींना विचारायचे. तुमच्या डॉक्टरची वेळ तुम्ही घ्यायची, फोनवर जमत नसेल तर दवाखान्यात स्वतः जाऊन घ्यायची. संयुक्त खाते असले तरी स्वतःच्या नावाचे एक खाते असू द्यायचे. पतींना हे पत्र दाखवा. त्यांना यात आरोप वाटू नये, कारण त्यांच्यावरचा भारही याने हलका होणार आहे.

भाषेच्या बाबतीत तुमच्या हातात थोडेच दिवस असू शकतात, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते. कुटुंबीय म्हणून दीर्घ मुदतीचा निवास परवाना पहिल्यांदा मिळालेल्या व्यक्तीला सरकारच्या ‘इंटेग्रात्सिओन्सकुर्स’ला, म्हणजे एकात्मता वर्गाला, बसण्याचा हक्क असू शकतो. सर्वसाधारण वर्गात भाषेच्या 600 तासिका आणि देशाचा इतिहास, कायदा, समाज यांच्या 100 तासिका असतात, आणि भाषेत बी-1, म्हणजे रोजचे व्यवहार जमण्याइतकी, पातळी गाठणे हे उद्दिष्ट असते. हा हक्क परवाना दिल्याच्या तारखेपासून एका वर्षाने संपतो. तुमचे आगमन नऊ महिन्यांपूर्वीचे असले तरी परवान्याची तारीख त्यानंतरची असेल, म्हणजे बहुधा अजून वेळ आहे. उच्चशिक्षित व्यक्तीला ‘तुम्हाला या मदतीची गरज नाही’ असे सांगून हक्क नाकारलाही जातो, तेव्हा आधीच मनाशी धरून न बसता परदेशी नागरिक कार्यालयाला लेखी विचारा. नकार आला तर ‘फोक्सहोखशूले’ ही सार्वजनिक प्रौढशिक्षण संस्था जवळपास प्रत्येक शहरात असते आणि तिथे स्वखर्चाने शिकता येते. तुमच्या इंग्रजीवर दुकान आणि दवाखाना निभावेल, पण जिना निभावणार नाही. आणि शुद्ध बोलता येईपर्यंत गप्प राहू नका. व्याकरण चुकले तरी रोज दोन वाक्ये बोलणारी माणसे, मनातल्या मनात वाक्य जुळवत बसणाऱ्यांच्या फार पुढे गेलेली मी पाहिली आहेत. नोकरीचा विचार करत असाल तर कुटुंबीय म्हणून मिळालेल्या परवान्यावर काम करण्याची मुभा असते, कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर तसा उल्लेख पाहून घ्या.

मैत्रीविषयी मला थोडे सावकाश लिहायचे आहे. इथे ‘ओळखीचे’ आणि ‘मित्र’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरले जातात. पंधरा वर्षे एका कार्यालयात काम केलेला माणूसही दुसऱ्याला ‘ओळखीचा’ म्हणतो आणि त्यात कोणालाच कमीपणा वाटत नाही. आपल्या ‘तुम्ही’सारखे त्यांचे ‘झी’ आहे आणि ‘तू’सारखे ‘डू’. ‘डू’वर यायचे का, हे सहसा वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीने सुचवायचे असते. ती सुचवेपर्यंत ‘झी’ म्हणत राहण्यात दुरावा नाही, आदरच आहे. घरी बोलावणे तीन आठवडे आधी, तारीख आणि वेळ ठरवून येते. आणि एकदा ठरले की माणसे खरोखर येतात, पाच मिनिटेही उशीर न करता. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात, आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो.

या ठरावीकपणामुळे नवख्या माणसासाठी एक दार मात्र कायम उघडे राहते, ते म्हणजे ‘फेराइन’. गायनाचे, व्यायामाचे, बागकामाचे, गिर्यारोहणाचे, स्वयंसेवी अग्निशमन दलाचे असे नोंदणीकृत संघ या देशात सहा लाखांहून अधिक आहेत आणि तुमच्या छोट्या गावातही चार-पाच नक्की असतील. दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तीच वीस माणसे त्याच सभागृहात जमतात. पहिल्या महिन्यात तुमच्याशी कोणी फारसे बोलणार नाही. दुसऱ्या महिन्यात तुम्ही एकदा गैरहजर राहिलात तर पुढच्या वेळी कोणीतरी विचारेल, ‘बरे नव्हते का?’ माझ्याकडे आलेल्या एक बाई केवळ समूहगायनाला जाऊ लागल्या. शब्द समजत नव्हते, तरी सूर धरता येत होता. आठव्या महिन्यात शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी त्यांना आपल्या वाढदिवसाला बोलावले. मराठी मंडळातही जरूर जा, सणाला आपली भाषा कानावर पडली की छातीवरचे ओझे उतरते. मात्र आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ गावातल्या माणसांसोबतची असू द्या, कारण चिठ्ठ्या आणि पाट्यांचा अर्थ तिथेच कळतो.

हिवाळा हेही तुमच्या उदासीचे एक कारण असू शकते. डिसेंबरच्या अखेरीस तुमच्याकडे दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा असतो. ढगाळ असले तरी दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चाला, ही सवय ऑक्टोबरपासूनच लावा. पण झोप न येणे, भूक मरणे, कशातच मन न लागणे हे सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर त्याला केवळ सवयीचा प्रश्न समजू नका. आधी तुमच्या ‘हाउसआर्त्स्ट’ला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरला, सांगा. मानसोपचाराची पहिली भेट 116117 या वैद्यकीय सेवेच्या क्रमांकावरूनही ठरवता येते आणि सरकारी आरोग्य विम्यात तिचा खर्च येतो. जिवाला धोका वाटला तर क्रमांक 112.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. प्रौढ स्थलांतरितांसाठीचा ‘मिग्रात्सिओन्सबेराटुंग’ हा सल्ला मोफत आणि गोपनीय असतो, तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी कारितास, डियाकोनी या चर्चशी जोडलेल्या सेवासंस्था किंवा जर्मन रेड क्रॉस यांपैकी कोणाकडे तरी तो मिळेल. वेळ स्वतः ठरवा. जाताना निवास परवान्याचे कार्ड, भाडेकरार नियमपत्रकासह, न समजलेली सर्व पत्रे पाकिटांसकट, आणि ती चिठ्ठीही घेऊन जा. एकात्मता वर्गाच्या हक्काविषयीचा अर्ज त्याच भेटीत भरून घ्या. केरवोखची पाटी पुन्हा तुमच्याकडे केव्हा येते ते मात्र त्याआधीच तळमजल्यावरच्या बाईंना विचारून ठेवा.